टीव्ही दिलात, आता तुमची गोष्ट द्या : गलाई बांधवांना खुले पत्र

प्रति,
परमुलखात सोनं-चांदी गाळायचा धंदा करणाऱ्या आणि गाव सोडलं तरी गावची शाळा न विसरलेल्या सर्व गलाई बांधवांना आणि वहिनींना,
मूळ गाव : खानापूर, आटपाडी, तासगाव, कवठेमहांकाळकडचं. सध्या मुक्काम : जिथं भट्टी तिथं.

विषय : शाळेला द्यायचं ठरत असलेल्या नव्या पॅनेलबद्दल.

सप्रेम नमस्कार.

परवा पोषण आहाराचा तांदूळ उतरवून घेत होते, तेव्हा सरपंच आले. म्हणाले, "बाई, खूशखबर. भायेरची मंडळी यंदा यात्रंला शाळेला पंचाहत्तर इंची पॅनेल देनार हायती. बोटानं लिवता येतंय त्याच्यावर." मी हसून बरं म्हटलं. रात्री झोप लागेना, म्हणून हे पत्र लिहायला बसले. तुमचं मन मोडायचं नाही, पण ते पॅनेल घेऊ नका, एवढं सांगायचं आहे. त्याऐवजी काय द्या, तेही सांगते.

मी खानापूर तालुक्यातल्या एका द्विशिक्षकी शाळेत तिसरी-चौथीला आहे. पट सतरा. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. हे पत्र वाचणाऱ्या प्रत्येकाला ते आपलंच गाव वाटलं तर चुकीचं वाटणार नाही. आमच्या शाळेचं कंपाउंड, पाण्याची टाकी, भिंतींचा रंग हे सगळं तुमच्यातल्याच कोणी ना कोणी दिलेलं आहे. मागच्या पिढीनं दुष्काळाला कंटाळून धातू वितळवायची मूस उचलली आणि परमुलखात सोनं-चांदी गाळायला बसली. तिथून पैसा मात्र गावाकडंच येत राहिला. हे मला रोज दिसतं, कारण मी त्याच पैशाच्या सावलीत उभी राहून शिकवते.

तीन वर्षांपूर्वी तुम्ही त्रेचाळीस इंची टीव्ही दिलात. नारळ फुटला, दात्यांची नावं ऑइलपेंटनं भिंतीवर आली. विकणाऱ्यानं सोबत 'पहिली ते चौथी संपूर्ण अभ्यासक्रम' भरलेला एक पेन ड्राइव्ह दिला होता. पोरं खूश, मी त्यांच्याहून खूश. दोन इयत्ता एका खोलीत असल्या की एकीला टीव्हीसमोर बसवून दुसरीला गणित शिकवता येतं. हा माझा स्वार्थ होता, कबूल करते. त्या पेन ड्राइव्हमधला कोल्हा म्हणायचा, "अरे मित्रा, चल, आपण बागेत जाऊया." आमच्याकडंही कोल्हा बागेत येतो. द्राक्षाच्या. पण बागवाला त्याला मित्रा म्हणत नाही.

सहा महिन्यांनी लक्षात आलं की पोरांना त्या गोष्टी तोंडपाठ आहेत आणि स्वतःची एक गोष्ट सांगता येत नाही. 'तुझ्या आवडत्या प्राण्याबद्दल पाच ओळी लिही' म्हटलं की पाचही ओळी पेन ड्राइव्हच्या भाषेत यायच्या. ज्या पोरीच्या दारात चाळीस मेंढरं आहेत, तिनं लिहिलं, "मला ससा खूप आवडतो."

मग एका दुपारी लाइट गेली. टीव्ही बंद, पंखा बंद, वर्गात कालवा. मी त्या मेंढरवाल्या पोरीला म्हटलं, काल काय झालं ते सांग. कारण आदल्या दिवशी ती शाळेत आली नव्हती. ती सांगायला लागली आणि मी सहज फोनवर रेकॉर्डिंग सुरू केलं. रात्री पावसात एक कोकरू चुकलं होतं. ते टेंभूच्या कालव्याच्या पाइपात सापडलं, आणि बापानं ते धोतरात गुंडाळून चुलीपाशी ठेवलं. सगळं मिळून दीड मिनिट. लगेच वर्गाला ऐकवलं. पोरगी ओरडली, "आवं बाई, माझा आवाज असला हाय व्हय?"

खरी गंमत त्यानंतर झाली. मागच्या रांगेतल्या एकानं विचारलं, "कोकरू पाइपात हाय ते तुमाला कसं कळलं?" ती म्हणाली, "ते वरडलं की." तो म्हणाला, "मग ते तू सांगितलंच न्हाईस." पोरगी गप्प बसली, विचार केला आणि म्हणाली, "बाई, परत करा." दुसऱ्या रेकॉर्डिंगमध्ये कोकरू ओरडलं. तिनं स्वतः तोंडानं आवाज काढला.

दादांनो, मी सतरा वर्षं 'लिहिलेलं परत वाच, चुका दुरुस्त कर' असं सांगत आले. वहीत लिहिलेलं कुणी परत वाचत नाही. मूल तर नाहीच नाही. पण स्वतःचा आवाज परत ऐकावासा वाटतो, आणि ऐकला की त्यातली खोट कानाला लागते. तुमच्याकडं टंच काढल्याशिवाय सोन्याचा कस कळत नाही, तसंच हे. मी लाल पेन उचलायच्या आत पोरीनं स्वतःच्या गोष्टीचा टंच काढला होता.

नंतर शोधल्यावर समजलं की या प्रकाराला नाव आहे. 'डिजिटल स्टोरीटेलिंग' म्हणतात. १९९० च्या दशकात अमेरिकेत कॅलिफोर्नियात जो लॅम्बर्ट आणि त्यांच्या सोबत्यांनी त्याच्या कार्यशाळा सुरू केल्या. साध्या माणसांनी आपल्याच आयुष्यातली गोष्ट, आपल्याच आवाजात, थोड्या चित्रांच्या किंवा फोटोंच्या आधारानं दोन-चार मिनिटांत सांगायची. बस्स. 'आपला आवाज' आणि 'काटकसर' या दोन गोष्टींवर त्यांचा फार भर. ते वाचून मला सांगलीच आठवली. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी सांगलीत मराठी नाटक उभं केलं, तेव्हा सूत्रधार पदं गाऊन कथा पुढं न्यायचा आणि पात्रं आपल्या पदरची भाषणं करायची. आमच्या वर्गात पोरगं सूत्रधार असतं आणि चित्रं पात्रं. फरक एवढाच की पडद्याच्या जागी तुमचा टीव्ही आहे. त्रेचाळीस इंची, तोच. तो पुरतो.

आता आम्ही कसं करतो ते सांगते, म्हणजे पैसे कुठं लागतात आणि कुठं लागत नाहीत ते कळेल.

आधी नुसती तोंडी गोष्ट. घोळक्यात, जेवणाच्या सुट्टीनंतर. ज्या गोष्टीवर बाकीचे प्रश्न विचारतात ती पुढं जाते. कुणी काही विचारलं नाही तर ती गोष्ट बिचारी तिथंच थांबते. मग एका कागदाचे सहा चौकोन पाडायचे आणि प्रत्येकात एक चित्र काढायचं. सहाच का? कारण आठ दिले तर पोरं दोन चौकोनांत सूर्य आणि डोंगर काढून मोकळी होतात. चित्रांचे फोटो व्हरांड्यात सावलीला घ्यायचे. उन्हात घेतले तर फोन धरणाऱ्याचीच सावली कागदावर पडते. मग रेकॉर्डिंग, एका चित्राला एक तुकडा. शेवटी फोनमधल्या साध्या ॲपवर फोटो आणि आवाज जुळवायचे. पीपीटीतही जमतं.

रेकॉर्डिंगची जागा सापडायला आम्हाला महिना लागला. वर्गात आवाज घुमतो, पटांगणात वारा आणि गिरणी. एक दिवस एक पोरगं रुसून तांदळाच्या पोत्यांच्या खोलीत जाऊन बसलं. त्याला समजवायला गेले तर माझाच आवाज मला वेगळा वाटला. पोती आवाज पिऊन टाकतात! तेव्हापासून पोषण आहाराची खोली हाच आमचा स्टुडिओ. महिनाअखेर तांदूळ संपत आला की रेकॉर्डिंगचा दर्जा घसरतो, एवढीच अडचण.

माझी एक चूकही सांगायला हवी. पहिल्या चार गोष्टी मी घरी, रात्री, भाकरी झाल्यावर एकटीनं जुळवल्या. मागं बासरी लावली, नावं गरगर फिरवली, अडखळलेले शब्द कापून टाकले. आसपासच्या शाळांच्या केंद्राच्या शिक्षण परिषदेत टाळ्या पडल्या. वर्गात लावली तेव्हा ज्याची गोष्ट होती तो पोरगा म्हणाला, "बाई, ह्यात माझं काय हाय?" उत्तर नव्हतं. तेव्हापासून जुळवाजुळव पोरंच करतात. गोष्ट वाकडी होते, एक चित्र दोनदा येतं, मधेच कोंबडा आरवतो. राहू दे.

या कामासाठी बनवलेली साधनं आहेत आणि बरीचशी फुकट आहेत. 'स्क्रॅचज्युनियर' नावाचं एक ॲप पाच ते सात वर्षांच्या मुलांसाठीच केलेलं आहे. त्यात वाचता यावं लागत नाही. चित्रांचे ठोकळे एकापुढं एक लावले की पात्र चालतं, उडी मारतं, आणि मूल आपला आवाज भरू शकतं. एका गोष्टीला जास्तीत जास्त चार पानं मिळतात, आणि ही मर्यादा मला फार आवडते. एकदा टॅबवर घेतलं की इंटरनेट लागत नाही. पहिली-दुसरीचे आमचे गुरुजी त्यावर काम करतात, पण शाळेत टॅब एकच, तोही काच तडकलेला. दुसरं म्हणजे 'स्टोरीवीव्हर' हे गोष्टींच्या पुस्तकांचं संकेतस्थळ. प्रथम बुक्सनं २०१५ साली सुरू केलेलं. त्यावरची मराठी पुस्तकं कुणीही वाचावी, छापावी, भाषांतरित करावी, अशी त्यांची खुली परवानगीच आहे. वाचनाच्या चार पायऱ्या आहेत. त्यांचीच चित्रं घेऊन मूल आपली गोष्टही लिहू शकतं. पाठ्यपुस्तकावरच्या क्यूआर कोडातून 'दीक्षा' या सरकारी ॲपवरचं साहित्य मिळतं, तेही मी वापरते. पण ते शिकवायला. बोलतं करायला नाही.

बोलतं करणं हे काही माझं खूळ नाही. ५ जुलै २०२१ ला निपुण भारत अभियान सुरू झालं, त्यात तिसरीपर्यंत प्रत्येक मुलाला समजून वाचता-लिहिता यावं म्हणून २०२६-२७ ची मुदत घातली आहे, आणि त्यात मौखिक भाषाविकास हा पायाच धरला आहे. आधी तोंड, मग हात. कागदावर ते आम्ही सगळेच भरतो. वर्गात मात्र 'शांत बसा' हेच वाक्य दिवसातून शंभरदा येतं. माझ्याही तोंडून.

भाषेचं सांगते. फोनमध्ये बोलून टाइप करायची सोय आहे. मी हौसेनं लावून दिली. पोरगं म्हणालं, "आमची म्हस वारली." फोननं लिहिलं, "आमची मस्त वारली." वर्ग हसून लोळला. मग आम्ही ठरवलं की आवाजात घरची बोली राहील आणि चित्राखाली पुस्तकी मराठीत एक ओळ येईल. ती ओळ पोरांनी स्वतः हातानं लिहायची. 'म्हस' आणि 'म्हैस' दोन्ही आपलेच, कोणता कुठं वापरायचा ते कळलं म्हणजे झालं. जत तालुक्यातली माझी एक मैत्रीण हेच कन्नड बोलणाऱ्या पोरांबरोबर करते.

आणि तुमच्या स्वतःच्या लेकरांचं काय? ती वर्षाच्या मधेच येतात, तुम्हाला ठाऊकच आहे. दुकान हललं, घरी म्हातारं आजारी पडलं, की बायका-पोरं गावाकडं. गेल्या वर्षी तामिळनाडूतून एक पोरगी तिसरीत आली. घरात मराठी बोलायची, पण वाचायची तमिळ. महिनाभर तोंड उघडलं नाही. मग एक दिवस स्वतःहून पोत्यांच्या खोलीत आली. तिची गोष्ट दुकानाच्या मागं राहणाऱ्या मांजराची होती. मांजराला ती 'पूनै' म्हणाली, तमिळमध्ये तसंच म्हणतात. पोरांना ऐकू आलं 'पुणे'. "पुणे पायरीवर झोपलं, पुण्यानं दूध पिलं," असं ऐकून जो गोंधळ उडाला! पण त्या गोंधळात ती पहिल्यांदा हसली, आणि मग बाकीच्यांना तमिळ आकडे शिकवत सुटली. आता मधल्या सुट्टीत लगोरीचा डाव तमिळमध्ये मोजतात. तिचा दाखला आला तेव्हा 'मराठी वाचन : अप्रगत' असं लिहायची वेळ माझ्यावर आली होती. त्या रकान्यात पूनै कुठं बसवायची?

तुमच्यातले काही जण म्हणतील, "बाई, पोरं आधीच फोनच्या नादाला लागल्यात, आन तुमी शाळेत फोन देताय." बरोबर आहे. शेजारच्या कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगावनं २०२२ साली संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजवून दीड तास टीव्ही-मोबाइल बंद ठेवायला सुरुवात केली. मला तो भोंगा मनापासून पटतो. आमच्याही गावात वाजावा. आमच्याकडं फोन पोराच्या हातात येतो आठवड्यातून एकदा, तोही तीन-चार जणांत एक, आणि त्यात बघायला काही नसतं, भरायचंच असतं. घरी रीळ सरकवणारा अंगठा इथं कामाला लागतो. तरी मी ताठ्यानं सांगत नाही. दोन पोरं रेकॉर्डिंगच्या नावाखाली गेम खेळताना सापडली आहेत.

आणि हो, हल्ली फोनला नुसतं सांगितलं की तो चित्रासकट आख्खी गोष्ट करून देतो. एका पालकानं मुलाच्या नावानं तशी पाठवली. सुंदर होती. राजवाडा, परी, इंद्रधनुष्य. पोराला विचारलं, परीनं पुढं काय केलं? म्हणाला, "पप्पास्नी ठावं." मिठाई आणून दिली, पण स्वयंपाक कुणी शिकला नाही.

आता जरा अवघड बोलते. टीव्ही दिल्यावर तुमच्या ग्रुपवर फोटो गेले, पोरांची तोंडं, नावं, शाळेची पाटी, सगळं. तेव्हा मीच पाठवले होते. आता पाठवणार नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालच्या मुलाच्या माहितीसाठी पालकांची खात्रीशीर संमती हवी, असं आहे. कायदा बाजूला ठेवा. ज्या पोरीनं बापाच्या दारूची गोष्ट सांगितली, ती गोष्ट आमच्या चार भिंतींत ऐकली गेली आणि तिथंच राहिली. ती मी कुणाला ऐकवली नाही, ऐकवणारही नाही. तुम्हाला दाखवायच्या गोष्टी पोरं स्वतः निवडतील. त्यात चित्रं असतील, आवाज असेल, तोंडं नसतील. दात्याच्या नावाची पट्टी गोष्टीच्या सुरुवातीला लावायची नाही, एवढी विनंती. भिंतीवर आहे की.

तर काय द्या?

तुमच्या घरी कपाटात पडलेले जुने स्मार्टफोन द्या. चार-पाच पुरेत. टच चालावा, बॅटरी तासभर टिकावी, आणि देण्याआधी आपलं खातं आणि फोटो तेवढे काढून टाका. सिम नको. कॉलरला लावायचे दोन-तीन साधे माइक. टॅब एखादा, पहिली-दुसरीसाठी. लाइटचा भरवसा नाही म्हणून एक इन्व्हर्टर आणि चांगली बॅटरी, तिची मात्र फार गरज आहे. हे सगळं मिळून पंचाहत्तर इंचाच्या पासंगालाही पुरणार नाही. उरलेल्या पैशाचं काय करायचं ते तुम्ही ठरवा. मुलींच्या शौचालयाचं दार मोडलंय, हे जाता जाता सांगून ठेवते.

पण खरं मागणं वेगळंच आहे, आणि ते पैशाचं नाही.

चौथीतला एक पोरगा वडिलांवर गोष्ट करतोय. वडील दूरच्या शहरात भट्टीवर. पहिल्या चौकोनात त्यानं एसटी काढली, दुसऱ्यात रेल्वे, तिसऱ्यात दुकान. चौथ्यात भट्टी काढायची होती आणि पेन्सिल थांबली. "बाई, भट्टी कशी असती?" मला कुठं ठाऊक. मी म्हटलं, विचार. त्यानं आईच्या फोनवरून विचारलं. रात्री वडिलांनी चाळीस सेकंदांचा आवाज पाठवला, नुसता भट्टीचा. सोबत एक शब्द नाही. दुसऱ्या दिवशी तो आम्ही पोत्यांच्या खोलीत ऐकला. फर्र्र असा एकसुरी आवाज, मधेच चिमटा कशावर तरी आपटल्याचा, आणि कुणीतरी परक्या भाषेत काही म्हणालं. पोरानं तीनदा ऐकला आणि चौकोनात भट्टी काढली. लाल रंगानं नाही, निळ्यानं. का विचारलं तर म्हणाला, "आवाज निळा हाय." मला कळलं नाही. तुम्ही भट्टीशी बसता, तुम्हाला कळेल.

असे आवाज पाठवा. मूस, आटणी, तेजाब, टंच हे शब्द माझ्या पोरांच्या घरात रोज बोलले जातात आणि त्यांच्या एकाही पुस्तकात नाहीत. गावातून पहिल्यांदा कोण गेलं, कुणाच्या ओळखीनं गेलं, पहिली रात्र कुठं काढली, भाषा कशी शिकलात, ते दोन-दोन मिनिटांत बोलून पाठवा. बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडलेली, सुकडी खाल्लेली माणसं अजून कट्ट्यावर बसतात. त्यांच्याकडं पोरांना आम्ही पाठवतोच आहोत. पण जे गेले त्यांची बाजू गावात कुणाकडंच नाही. वहिनींनो, तुमची तर अजिबातच नाही. परक्या गल्लीत भाजीवालीशी पहिल्यांदा काय बोललात, ते तुमच्याशिवाय कोण सांगणार?

यात्रेला याल तेव्हा पालखी गावात शिरायच्या आदल्या दिवशी शाळेत या. सत्कार नाही, हारतुरे नाहीत, माइकवरून नावं घेणार नाही. दुपारी दोनला पोत्यांच्या खोलीत बसायचं, चपला बाहेर. पोरं प्रश्न विचारतील, फोन तीच धरतील.

त्या पोराच्या गोष्टीचा सहावा चौकोन अजून कोरा आहे. भट्टी विझल्यावर वडील काय करतात, ते त्याला ठाऊक नाही.

आपली,
तिसरी-चौथीची बाई